मुदत नसलेली दया

1882 साली कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात अब्रुनुकसानीबद्दल आगरकर आणि टिळक यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून ती 101 दिवसांवर आली आणि आगरकरांनी त्या अनुभवावर पुस्तक लिहिताना हा आकडा त्याच्या नावातच घातला. मुंबईतल्या ज्या डोंगरीच्या तुरुंगात ते होते, ती उमरखाडीची इमारत 1804 सालची. पुढे तीच इमारत मुलांना ठेवण्याचे ठिकाण झाली आणि कित्येक पिढ्या मुंबईकर तिला ‘डोंगरीचे रिमांड होम’ म्हणून ओळखत आले. आगरकरांना दिवस मोजता आले, कारण त्यांना शिक्षा झाली होती आणि शिक्षेला मुदत असते. त्यांच्या सुटकेनंतर पंधरा वर्षांनी, 1897 साली, सरकारने रिफॉर्मेटरी शाळांचा सुधारित कायदा केला. पंधरा वर्षांखालच्या मुलाला कैदेची शिक्षा झाली, तर न्यायालयाने ती बाजूला ठेवून त्याला सुधारशाळेत पाठवावे, अशी त्यात सोय होती. तिथला मुक्काम किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा. म्हणजे ज्या चोरीसाठी थोरल्या माणसाला दोन महिने पडले असते, त्याच चोरीसाठी बारा वर्षांच्या पोराला किमान तीन वर्षे. ही तीन वर्षे कायद्याच्या हिशेबी शिक्षा नव्हतीच. मुलाला शिक्षेऐवजी मिळालेली सवलत होती.

मुलांना कोंडण्याचा आपल्याकडचा इतिहास समजून घ्यायचा तर या हिशेबापासूनच सुरुवात करावी लागते. रूढ समज असा, की आधी क्रूर तुरुंग होते, मग सुधारशाळा आल्या, मग बालगृहे आली आणि समाज पायरीपायरीने माणुसकीकडे सरकला. यात खोटे काही नाही, पण हे अर्धेच आहे. शिक्षेला निदान काही बंधने असतात: आरोप सांगावा लागतो, पुरावा द्यावा लागतो, काळ ठरवावा लागतो, अपील ऐकावे लागते. जे मुलाच्या भल्यासाठी करायचे त्याला यांतले काहीच लागत नाही, कारण भल्याविरुद्ध अपील कोण करणार? मुलांची कैद दयेच्या खात्यात मांडली गेली आणि म्हणूनच ती शिक्षेहून लांब, शिक्षेहून सैल आणि शिक्षेहून अधिक मुलांना गाठणारी झाली. या दयेच्या वाट्याला आलेली मुले जवळजवळ नेहमीच गरिबांची होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची मुंबई पाहिली की याचे मूळ सापडते. 1853 साली आगगाडी सुरू झाली, पाठोपाठ कापडगिरण्या आल्या. बंदरावर, बाजारात, गोद्यांच्या आसपास पोटासाठी हिंडणारी पोरे दिसू लागली आणि त्याच वेळी या शहरात जपण्याजोगी मालमत्ताही वाढली. ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी अशा मुलांसाठी उद्योगशाळा काढली. बगदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीने 1857 साली ती डेव्हिड ससून औद्योगिक व सुधारसंस्था झाली. ती आजही माहीमला आहे. (कायद्याच्या कित्येक पाठ्यपुस्तकांत या प्रकारची पहिली शाळा 1843 साली लॉर्ड कॉर्नवॉलिसने काढली असे छापलेले असते. कॉर्नवॉलिस 1805 साली गाझीपूरला वारला होता. इतकी ढोबळ चूक पिढ्यान्‌पिढ्या उतरवली जाते, यावरून या विषयाकडे किती लक्ष दिले गेले ते कळते.) या सगळ्याला आधार होता 1850 च्या अप्रेंटिस कायद्याचा. दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून सात वर्षांपर्यंत बांधून देण्याची त्यात तरतूद होती. अनाथ मूल, आईबापांनी टाकलेले गरीब मूल आणि भटकेपणाबद्दल किंवा किरकोळ गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेले मूल, या तिघांचाही पालक म्हणून करारावर सही करायला मॅजिस्ट्रेट मोकळा होता. चोरी केलेला आणि आई मेलेला अशी दोन पोरे एकाच वाक्यात, एकाच सहीखाली आली. नंतरच्या दीडशे वर्षांत कायदे बदलले तरी ही जोडी मोडायला फार वेळ लागला.

ही जोडी लावणारी बुद्धी इंग्लंडातून आली होती. ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर यांनी 1851 साली सुधारशाळांवर जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच ‘नाश पावणाऱ्या’ आणि ‘धोकादायक’ अशा दोन वर्गांची मुले शेजारीशेजारी आहेत: आज निराधार आहे तो उद्या गुन्हेगार होणार, तेव्हा त्याला आजच हाती घ्यावा. कार्पेंटरबाई प्रामाणिक होत्या. 1866 ते 1876 या काळात त्या चार वेळा हिंदुस्थानात आल्या, इथल्या तुरुंगांत थोरांबरोबर मुलांना पाहून अस्वस्थ झाल्या आणि सुधारशाळांचा आग्रह धरत राहिल्या. 1876 च्या पहिल्या रिफॉर्मेटरी कायद्यामागे त्या आग्रहाचाही वाटा होता. पण इथे येता येता कल्पनेचा रंग बदलला. विलायतेत मुलाच्या बिघडण्याचे खापर आईबापांच्या दारूवर आणि आळसावर फुटे. इथे साहेबाला त्याजागी जात दिसू लागली. दुसरी एक धास्ती दोन्हीकडे सारखीच होती: सुधारशाळेत पोटभर जेवण आणि सुतारकी-लोहारकीचे शिक्षण मिळू लागले, तर गरीब बाप पोराला मुद्दाम चोरी करायला लावेल. म्हणून शाळा कष्टाची ठेवायची, प्रामाणिक गरिबाच्या घरापेक्षा सुखाची होऊ द्यायची नाही. शिवाय सरकारजवळ स्वस्त पर्याय होता. 1864 च्या फटक्यांच्या कायद्याने अल्पवयीन गुन्हेगाराला वेताचे फटके मारून सोडता येई, खर्च काहीच नाही. फटक्यांची शिक्षा आपल्याकडे कायद्याने संपली ती थेट 1955 साली.

वयाचा घोळ वेगळाच. जन्माची नोंद नसलेल्या देशात पंधरा वर्षांची रेघ ओढायची कशी? डॉक्टराने दात पाहायचे, मॅजिस्ट्रेटने चेहरा आणि बांधा पाहायचा आणि आकडा लिहायचा. त्या आकड्यावर मुलगा थोरांच्या तुरुंगात जायचा की येरवड्याच्या सुधारशाळेत, हे ठरे. मुलगा म्हणायचे ते मुलगाच. 1876 आणि 1897 च्या कायद्यांत मुली नव्हत्या. त्या या व्यवस्थेत पुढे आल्या, त्याही बहुधा चोरीमुळे नव्हे तर ‘नैतिक धोक्यात’ आहेत म्हणून. वस्ती बदनाम, आई बदनाम, एवढ्यावर मुलगी कोंडता येऊ लागली. तिने काय केले हा प्रश्नच त्यात नव्हता.

जातीचा मुद्दा सगळ्यांत उघडा पडला तो गुन्हेगार जमातींच्या कायद्यात. 1871 सालचा हा कायदा आधी उत्तरेत होता, 1911 च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. कैकाडी, पारधी, मांगगारुडी, छप्परबंद अशा जमातींची नोंद झाली, हजेरी सुरू झाली, पास सुरू झाले. सोलापुरात गिरण्यांच्या जवळ तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली आणि त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. या कायद्यातल्या मुलांविषयीच्या कलमाची आठवण मात्र फारशी काढली जात नाही. 1897 च्या दुरुस्तीने या जमातींच्या चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या सुधारवसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारला दिली. पुढच्या कायद्यात खालची मर्यादा सहा वर्षांवर आली, तत्त्व तेच राहिले. चार वर्षांच्या पोराने कोणता गुन्हा केलेला असणार? पण इथेही भाषा दंडाची नव्हती. रक्तात गुन्हा आहे असे एकदा मानले, की मुलाला त्या रक्तापासून दूर नेणे हा उपकार ठरतो. मुंबई इलाख्यातल्या वसाहतींचा कारभार पाहणारे स्टार्ट हे काही दुष्ट अधिकारी नव्हते. दलित आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारी जी समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली, तिच्यावर डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा होते. वसाहतीत शाळा होत्या, काम होते, दवाखाने होते. पण तार होती आणि ती कधी निघणार हे कोणीच सांगू शकत नव्हते. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला तोवर त्या तारेआड कित्येक मुले जन्मून मोठी झाली होती.

इथपर्यंत वाचून एखादा म्हणेल, की हा परक्या राज्याचा हिशेब झाला. 1919-20 च्या तुरुंग समितीनंतर आलेले बालकायदे निराळे होते. ते निराळे होते हे खरेच. मद्रासने 1920 साली, बंगालने 1922 साली, मुंबईने 1924 साली आणि विदर्भ ज्यात होता त्या मध्य प्रांताने 1928 साली आपापले कायदे केले. मुंबईत 1927 साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, मुलांसाठी वेगळी न्यायालये आली आणि घरी जाऊन मुलाची परिस्थिती पाहणारा परिविक्षा अधिकारी आला. 1936 साली नागपाड्यात टाटांच्या पैशावर समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली आणि या कामाला शिकलेली माणसे मिळू लागली. यातल्या कित्येकांनी आयुष्य घातले. या सुधारणेमुळे काही हजार मुले थोरांच्या बराकीतून वाचली हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण ज्या तुलनेवर हा मोठेपणा उभा आहे ती तुलना तपासायला हवी. सुधारगृह नसते तर हे मूल तुरुंगात गेले असते, हे दोषी ठरलेल्या मुलापुरते खरे. भीक मागताना सापडलेले, घरातून पळालेले, स्टेशनावर झोपलेले, बाप तुरुंगात असलेले मूल तुरुंगात गेलेच नसते. नव्या कायद्यांनी तुरुंगातून जितकी मुले काढली, त्याखेरीज रस्त्यावरून कितीतरी नवी मुले आत आणली आणि दोन्हींना चौकशी होईपर्यंत एकाच रिमांड होममध्ये ठेवले. मुंबईच्या चाळीचाळींतून आईबाप उनाड पोराला रिमांड होमचा धाक घालत आले. ज्या जागेचा धाक घालता येतो ती जागा आश्रयाची नव्हे, हे त्या पोरांना कळत होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रस्त्यावरच्या मुलाला खरोखर कोणी नसते. त्याला मारणारे, राबवणारे, विकणारे असतात. सरकारने हात आखडता घेतला तर त्याचे काय? मुलाचे स्वातंत्र्य म्हणजे उपाशी मरायचे स्वातंत्र्य की काय? हा प्रश्न टाळता येत नाही आणि मुलांना मोकळे सोडून द्या असे त्याचे उत्तरही नाही. मात्र निवारा आणि कुलूप या दोन गोष्टी आहेत. जेवण, अंथरूण, शाळा, औषध यांसाठी बाहेरून कडी लागत नाही. कडी लागते ती मुलाने थांबायला नकार दिल्यावर, आणि तो का नकार देतो हे विचारण्याची तसदी वाचावी म्हणून. मुलाचे घर शोधून त्याला परत पोचवणे हे कष्टाचे, खर्चाचे काम आहे: पत्ता अर्धवट, भाषा वेगळी, गाव बिहारात नाहीतर तेलंगणात. ते काम रखडते तेव्हा मूल आत राहते आणि कागदावर मात्र सगळे नीट असते, कारण ते ‘सुरक्षित’ असते. खिशात पैसे आणि घरात शिकलेला माणूस असलेल्या मुलाचे हे काम एका संध्याकाळी होते. पोलीस ठाण्यात काका येतो, मामा येतो, ओळखीचा वकील येतो, हमीपत्र लिहून देतो. कोण आत राहील हे ठरवणारी चाळणी ती हीच. मुलाने काय केले यापेक्षा त्याच्यासाठी ठाण्यात कोण आले, यावर ती चालते.

अमेरिकेने हा धडा 1967 साली शिकला. ॲरिझोनातल्या पंधरा वर्षांच्या जेराल्ड गॉल्टवर शेजारणीला अश्लील फोन केल्याचा आरोप होता. थोराला त्या गुन्ह्यासाठी पाच ते पन्नास डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद झाली असती. गॉल्टला एकविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे सहा वर्षांपर्यंत, सुधारशाळेत धाडले. वकील दिला नाही, तक्रारदार बाई न्यायालयात आली नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे रद्द केले आणि मुलालाही आरोपाची सूचना, वकील आणि उलटतपासणीचा हक्क आहे असे ठरवले. आपल्याकडे हे काम मुंबईच्या पत्रकार शीला बरसे यांच्या अर्जांनी सुरू झाले. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नका असे बजावले आणि सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत तीन महिन्यांत तपास पुरा झाला नाही तर मुलाविरुद्धचा खटला संपला असे मानण्यास सांगितले. म्हणजे दयेला प्रथमच मुदत घातली. दुसरा अर्ज खास मुंबईचा होता. मानखुर्दच्या निरीक्षणगृहात मुले घरी न पाठवता ठेवली जातात, त्यांच्याकडून काम करून घेतले जाते, अशी तक्रार होती आणि प्रतिवादी होती चिल्ड्रन्स एड सोसायटी. मुख्यमंत्री जिचे पदसिद्ध अध्यक्ष, ती ही संस्था राज्यघटनेच्या बाराव्या अनुच्छेदाच्या अर्थाने ‘राज्य’च आहे, असे न्यायालय म्हणाले. मुलांवर दया करणाऱ्या संस्थेलाही मूलभूत हक्क बांधतात, एवढे म्हणून घ्यायला साठ वर्षे गेली. देशभरच्या मुलांच्या अर्जाचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. सुनावणी इतकी लांबली की बरसे यांनी अर्ज मागे घेऊ द्या अशी विनंती केली. न्यायालयाने ती नाकारली, अर्ज चालू ठेवला आणि अर्जदार म्हणून त्यांचेच नाव काढून टाकले.

1986 चा केंद्रीय बाल न्याय कायदा जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू झाला, तरी निराधार मूल आणि आरोपी मूल चौकशीच्या काळात एकाच छपराखाली राहिलेच. निरीक्षणगृह एकाला आणि बालगृह दुसऱ्याला, अशी स्पष्ट फारकत 2000 च्या कायद्याने केली. 1850 च्या त्या सहीपासून मोजली तर दीडशे वर्षे.

मग गंभीर गुन्ह्यांचे काय? 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारातला एक आरोपी सतरा वर्षांचा होता. तीन वर्षे विशेषगृहात ठेवून डिसेंबर 2015 मध्ये त्याला सोडले तेव्हा देश खवळला. त्याच महिन्यात संसदेने नवा कायदा मंजूर केला आणि निर्घृण गुन्ह्यांत सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर थोरांप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली. त्या संतापाला मी खोटा म्हणणार नाही. काही मुले खरोखर घातक कृत्ये करतात आणि काही काळ त्यांना बाहेर ठेवता येत नाही. पण हे मान्य केल्याने माझा मुद्दा ढळत नाही, उलट पक्का होतो. अशा मुलाला कोंडायचे तर ती कैद आहे असे उघड म्हणावे, आरोप सिद्ध करावा, काळ ठरवावा. आपण मात्र थोड्या मुलांच्या गुन्ह्यांवर चिडून वाद घालतो आणि आत असलेल्या बाकीच्यांबद्दल, म्हणजे मोबाइल चोरणारे, मारामारीत सापडणारे, जामीनदार न मिळाल्याने तारखेवर तारीख काढणारे यांच्याबद्दल, बोलतही नाही.

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला, अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता आणि महाराष्ट्र पेटला. तीनच दिवसांनी, जामीन रद्द न करताच, मुलाला निरीक्षणगृहात पाठवले गेले. त्याच्या आत्याने उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला आणि 25 जून 2024 रोजी न्यायालयाने ते आदेश बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितले. त्या मुलाचे घर श्रीमंत होते, म्हणून हा निकाल अनेकांना झोंबला. दोन कुटुंबांनी आपली मुले गमावली होती, तेव्हा झोंबणे स्वाभाविकही होते. तरी निकाल बरोबर होता. जामिनावर असलेल्या मुलाला पुनर्वसनाच्या नावाने निरीक्षणगृहात ठेवणे हीसुद्धा कैद आहे आणि कैदेला कायद्याचा आधार लागतो, एवढेच त्यातून निघते. सुधारशाळांच्या कायद्यानंतर शंभरावर वर्षे हे तत्त्व ऐकवायला ज्या पोरांजवळ आत्या नव्हती, वकील नव्हता, ती पोरे आत वर्षे काढून बाहेर पडली. तो निकाल आज राज्यातल्या निरीक्षणगृहात असलेल्या दुसऱ्या कोणत्याही मुलासाठी दाखवता येतो. त्यासाठी त्या मुलाच्या बाजूने कोणीतरी अर्ज करावा लागतो.